दोनच संघ

१२ नोव्हेंबर

रोस्विथाने ही वही आणून दिली. म्हणाली, "घरी येऊन माझ्यापाशी कुरकुरतोस, ते आता हिच्यात कुरकुर. माझे कान किटले." बायकोची आज्ञा. कुरकुर सुरू.

आज राजधानीवाल्यांशी सामना झाला. मागच्या शनिवारीही राजधानीवाल्यांशीच झाला होता. पुढच्या शनिवारी कोणाशी आहे हे जो ओळखेल त्याला माझ्यातर्फे बिअर. देशात आइस हॉकीचे दोनच संघ उरलेत, एक ते आणि एक आम्ही. वरच्यांनी हिशेब केला की या खेळाला खर्च फार आणि पदकं नाहीत, आणि एका उन्हाळ्यात बाकीचे सगळे संघ बंद करून टाकले. आमचं काचकारखान्याचं गाव कसं वाचलं कोण जाणे. सात हिवाळे झाले, हा आठवा. दोघांतला एक देशाचा विजेता होतो आणि दुसऱ्याला, शेवटचा आला तरी, रौप्यपदक मिळतं. असं भाग्य जगात कोणाच्या कपाळी नसेल.

माझ्या वाट्याला आठही हिवाळे झिगमार नोआक, म्हणजे आमचा झिगी. आमच्याच गल्लीतला, भट्टीवाल्याचा पोरगा. चौदाव्या वर्षी त्याला राजधानीच्या क्रीडाशाळेत उचलून नेलं, मी इथेच राहिलो. कान एवढे की हेल्मेट घालताना आधी डावा आत कोंबावा लागतो, मग उजवा. पण पायांत वीज आहे, हे कबूल करायलाच हवं. पक, म्हणजे ती रबराची चकती, घेऊन येतो, उजवा खांदा पाडतो, कठड्याच्या बाजूने जाणार असं दाखवतो आणि मधून घुसतो. सगळा देश फसतो, म्हणजे आमच्या संघातले बाकीचे. मी फसत नाही. मी मधेच उभा असतो. प्रेक्षक मला "कुलूप" म्हणतात.

मग मी त्याला कोपऱ्यात नेऊन कठड्यावर दाबून धरतो आणि पंचाची शिट्टी होईपर्यंत आमच्या गप्पा होतात. "आई कशी आहे?" "गुडघे धरलेत. तुझी रोस्विथा?" "कुरकुरते." हजारो माणसं बघत असतात आणि ऐकू एकालाही जात नाही. आज तो म्हणाला, "लोथार, तुला कंटाळा येत नाही रे?" मी म्हटलं, "कशाचा?" तेवढ्यात शिट्टी झाली.

३ डिसेंबर

मार्चमध्ये स्वित्झर्लंडला स्पर्धा आहे. खेळाडू असल्याशिवाय आमच्याकडच्या कोणाला तिकडे जाऊ देत नाहीत. राष्ट्रीय संघ म्हणजे काय, तर हेच दोन संघ एका बसमध्ये. ट्रेनरने आज मला बाजूला घेतलं. "एक जागा उरली आहे. एक तर तू, नाहीतर नोआक. फेब्रुवारीपर्यंत बघतो. तो तुला चुकवून गोल करू शकला तर तो जाईल. नाही जमलं त्याला, तर तू."

मी तेहतीस वर्षांचा आहे. गुडघ्यात वाळू भरल्यासारखा आवाज येतो. उन्हाळ्यात कारखान्यात पॅकिंगची नोकरी ठरलेली आहे, म्हणजे हा शेवटचा हिवाळा. मॉस्को पाहिलं, प्राग पाहिलं. दोन वर्षांपूर्वी सगळे स्वित्झर्लंडला गेले तेव्हा मी इथे पायाला प्लास्टर घालून बसलो होतो. झिगी गेला होता, आणि येऊन महिनाभर कोणाशी धड बोलला नव्हता. मला वाटलं, शिष्टपणा चढला. मला एकदा तो डोंगर बघायचा आहे, उन्हाळ्यातही ज्याच्या डोक्यावर बर्फ असतो. एवढीच इच्छा, जास्त नाही.

तेव्हा नोआकसाहेब, या. कुलूप घट्ट आहे.

१९ डिसेंबर

झिगी गावात आलाय. आजकाल फार येतो. सकाळी लीना मावशीकडे, म्हणजे त्याच्या आईकडे गेलो तर हा तळघरात काळाठिक्कर होऊन कोळशाच्या विटा रचतोय. भिंतीपासून छतापर्यंत. मी म्हटलं, "अरे, हा तर दोन हिवाळे पुरेल!" तो म्हणाला, "तीन, जपून वापरला तर."

मावशीने जेवायला बसवलं. उकडलेले बटाटे, चक्का, वरून जवसाचं तेल. झिगीने तीनदा वाढून घेतलं आणि चौथ्यांदा नुसतं तेल ताटलीत ओतून पाव बुडवून खाल्लं. मावशी हसली, "राजधानीत तेल देत नाहीत का रे?" तो म्हणाला, "असं नाही देत."

निघताना त्याने मला त्याची कॅनडाची स्टिक दिली. ती स्टिक! कोणाला हात लावू द्यायचा नाही. म्हणाला, "घे, मला जड होते." मी काय दूधखुळा आहे? मला लाच देऊन मऊ करायला बघतोय. स्टिक मात्र ठेवून घेतली.

२८ डिसेंबर

भांडण झालं. मावशीच्या कोळशाच्या तळघरातच. त्याने दार लावून घेतलं आणि म्हणाला, "लोथार, एकदाच. मला एकदाच जाऊ दे."

"कुठून?"

"तुझ्या बाजूने. फेब्रुवारीत. एकदाच चुकीच्या बाजूला सरक."

मी म्हटलं, "तू जाऊन आलायस. मी नाही गेलो. आता माझी पाळी."

"तुझी पाळी मी खातोय, मला कळतंय. तरी मागतोय."

"कशाला हवंय एवढं? जीन्स आणायच्यात ना? सरळ सांग!"

तो माझ्याकडे बघत राहिला आणि हसायला लागला. इतका हसला की डोळ्यांतून पाणी आलं, काळ्या गालांवर पांढऱ्या रेघा उठल्या. "हो," म्हणाला, "जीन्स. छोट्या मापाची. फार छोट्या."

कोणासाठी? त्याला ना भाऊ ना बहीण, भाचरं कुठून येणार? काळ्या बाजारात विकणार असेल. पायांत वीज असलेला माणूस मनाने इतका चिल्लर निघावा याचं मला वाईट वाटलं. तसं तोंडावर म्हणालो. तो दार उघडून वर गेला.

१५ जानेवारी

कोपऱ्यात झिगी आता बोलत नाही. दाबून धरलं की काचेपलीकडच्या माणसांकडे बघत राहतो. काल तीनदा आला, तिन्ही वेळा खांदा पाडला, तिन्ही वेळा मी मधे. त्याला ठाऊक आहे की मला ठाऊक आहे, तरी तेच करतो. दुसरं येतच नसेल.

रोस्विथाला भांडणाचं सांगितलं. तिने आधी नळ सोडला. हल्ली शेजारचे भिंतीला कान लावतात असं तिला वाटतं, म्हणून जरा खाजगी बोलायचं की आधी नळ. आमच्या घराची भांडी जगात सगळ्यात स्वच्छ असतील.

"कोळसा किती भरला म्हणालास?"

"तीन हिवाळ्यांचा."

"आणि स्टिक तुला दिली."

"हो. लाच."

ती कितीतरी वेळ एकच कप धूत होती. मग म्हणाली, "लोथार, तू इतका मठ्ठ आहेस की कधीकधी मला तुझा हेवा वाटतो." मी कारण विचारलं तर म्हणे, "तुझा डोंगर जागचा हलत नाही. माणसांचं तसं नसतं." आणि नळ बंद केला. बायका बोलतात असं आणि मग आपणच विचार करत बसायचं.

१२ फेब्रुवारी

लीना मावशीकडे गेलो, खिडकीची बिजागरी लावायला. ती म्हणाली, "झिगी परवा येऊन गेला. दिवसभर नुसता घर बघत फिरत होता, विकत घ्यायला आल्यासारखा. माझा फोटो मागून नेला. आणि म्हणाला, काही लागलं तर लोथारला सांग." मग माझ्याकडे वळून, "तू येशील ना रे?"

मी म्हटलं, "मी कशाला? तो आहे की."

मावशीने मान हलवली आणि बिजागरीकडे बघत राहिली.

परत येताना तेच डोक्यात घोळत होतं. माझ्याशी भांडून तोंड फिरवणारा माणूस आईला माझं नाव सांगतो. मला काही उलगडा होईना, पण जिंकावंसंही वाटेना. घरापर्यंत येता येता ठरवून टाकलं. घे बाबा, जा. आण तुझ्या जीन्स. शनिवारी खांदा पाडलास की मी कठड्याकडे सरकेन, मधला रस्ता मोकळा. डोंगराचं चित्र असलेलं कॅलेंडर आहेच स्वयंपाकघरात.

त्याला कळवायचं कसं? पत्र लिहिण्यासारखी ही गोष्ट नाही. सामना सोडून दिला म्हणतील, दोघंही आत जाऊ. आणि खरं सांगायचं तर त्याने चिल्लरपणा केला तो केला, वर बोलणंही टाकलं. मी का आधी तोंड उघडू? आयता रस्ता मिळाला की समजेल त्याला.

१८ फेब्रुवारी

लिहायला हात धजत नाही.

शेवटच्या सत्रात तो आला. ट्रेनर वर बसला होता. उजवा खांदा पडला. मी ठरवल्याप्रमाणे कठड्याकडे झेपावलो, पूर्ण वेगाने, म्हणजे कोणाला संशय येऊ नये. आणि आठ हिवाळ्यांत पहिल्यांदा झिगी मधून गेलाच नाही. तो खरोखर कठड्याच्या बाजूने आला. मी मधे असेन याची त्याला एवढी खात्री होती की त्याने समोर पाहिलंही नाही.

त्याच्या खांद्याच्या हाडाचा आवाज मी ऐकला. लोक ओरडत होते, "कुलूप! कुलूप!"

तो बर्फावर पडून माझ्याकडे बघत होता. मी वाकून म्हणालो, "झिगी, मी सोडत होतो तुला. देवाशपथ, सोडत होतो." तो म्हणाला, "तुला कसं कळलं?" एवढंच. मग त्याला नेलं.

त्याला वाटतंय, तो या वेळी कठड्याने येणार हे मी ओळखलं. आयुष्यभर हेच वाटणार त्याला.

२० फेब्रुवारी

ट्रेनर म्हणाला, "शाब्बास. आठ वर्षांतला तुझा सगळ्यात चांगला बचाव. सामान बांध."

२७ मार्च

परत आलो. डोंगर पाहिला. कॅलेंडरसारखाच आहे, फक्त मोठा.

त्या बाईबद्दल लिहू नये, रोस्विथाही नको म्हणते. पण ती वही देताना म्हणाली होती की हिच्यात कुरकुर, तेव्हा आता तिनेच सोसावं. वही बटाट्यांच्या पेटीखाली ठेवीन.

सरावानंतर आम्ही बसकडे निघालो होतो. कुंपणाशी एक तरुण बाई उभी होती, कडेवर लोकरीच्या टोपीतलं मूल. माझ्या जॅकेटवरचं देशाचं नाव वाचून पुढे झाली. "नोआक कुठाय?"

"आला नाही. हाड मोडलं."

"कसं?"

मी जॅकेटची चेन वर ओढली. मागून कॉम्रेड पोल, आमच्याबरोबर दिलेले, जे आम्हाला बसमध्ये चढताना मोजतात आणि उतरताना मोजतात, ते ओरडले, "लोथार, बसमध्ये चला!" बाईने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "त्याला सांगा..." म्हणाली. तिने मूल नुसतं वर उचलून धरलं, मला नीट दिसावं म्हणून. मुलगी होती. दीडेक वर्षाची. तिने स्वतःच टोपी ओढून काढली आणि टोपीतून ते दोन कान बाहेर आले.

छोट्या मापाची. फार छोट्या.

मी बसमध्ये चढलो. मोजले गेलो. बरोबर भरलो. खिडकीतून दिसत होतं की रस्ता सरळ होता, उघडा, कोणीही चालत गेलं असतं. माझी जागा त्याची होती आणि मी तिथे बसून डोंगर बघत होतो.

आता सगळं उलगडतंय. कोळसा, तेलात बुडवलेला पाव, फोटो. तो परत न येण्याची तयारी करत होता. आख्ख्या गल्लीला दिसलं असेल. मी आठ वर्षं त्याच्या खांद्याकडे बघत आलो आणि तोंडाकडे एकदाही पाहिलं नाही.

५ एप्रिल

पोलसाहेबांनी कॉफीला बोलावलं. "ती बाई काय विचारत होती हो?"

"सही मागत होती."

"दिलीत?"

"पेन नव्हतं."

ते हसले. "चांगला बचाव करता तुम्ही." तीन वेळा हात हातात घेतला. घरी येईपर्यंत शर्ट पाठीला चिकटला होता.

२१ मे

राजधानीला गेलो, झिगीच्या घरी. चौथा मजला. त्याने दार उघडलं, मला पाहिलं आणि लावून घेतलं. जिन्यात उभा राहिलो. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांची दारं, एक किलकिलं झालेलं. बंद दाराला मोठ्याने काय सांगू? "खांदा बरा आहे ना?" एवढं विचारून खाली आलो.

गावात तो येत नाही. मावशीला कार्ड पाठवतो, काम फार आहे. ती म्हणते, "कोळसा तरी आहे." कागदावर लिहून पाठवावं तर तो कागद किती जण वाचतील देव जाणे.

३० जून

कारखान्याच्या माणसाला सांगितलं, पॅकिंगची नोकरी पुढच्या वर्षी बघू. ट्रेनरला म्हटलं, एक हिवाळा अजून खेळतो. तो म्हणाला, "त्या गुडघ्यावर? वेड लागलंय का?" मी म्हटलं, "सवय सुटत नाही."

या देशात मला एकच जागा ठाऊक आहे जिथे दोन माणसं बोललेली कोणाला ऐकू जात नाहीत, आणि तिथे जायला अंगावर संघाचा शर्ट लागतो. रोस्विथाला हा बेत मी सांगितला नव्हता. तिने नळ सोडला नाही की काही नाही. बाजारातून गुडघ्याला बांधायची जाड पट्टी आणून टेबलावर ठेवली.

४ नोव्हेंबर

पहिला सामना. उन्हाळाभर वाक्य घोटलं होतं, शिट्टीच्या आत बसेल एवढं. झिगी आला. खांदा पाडलाच नाही, सरळ माझ्या अंगावर आला, मारायलाच. मी त्याला कोपऱ्यात नेलं आणि कठड्यावर दाबलं. तो कोपर मारत होता, माझा ओठ फुटला.

"झिगी, ती आली होती. कुंपणाशी. मुलगी आहे. कान तुझेच."

त्याचं कोपर थांबलं. लोक ओरडत होते, कुलूप, कुलूप. मला त्याचा श्वास ऐकू येत होता.

"बरी आहे?"

"गोल गरगरीत. टोपी स्वतः काढते."

"नाव काय?"

नाव. उन्हाळाभर एकेक शब्द घोटला आणि हे एकदाही मनात आलं नाही, की मी नावच विचारलं नाही.

शिट्टी झाली.

२ डिसेंबर

दर शनिवारी तो कोपऱ्यात येतो. मला दाबायची गरजच पडत नाही, आपणहून पाठ टेकतो. प्रेक्षक म्हणतात, नोआकची वीज गेली. एका शिट्टीत एक प्रश्न बसतो. केस कसे? पिवळे. दात? समोरचे आहेत. पायात बूट कसले? हे मी पाहिलं नव्हतं, लाल म्हणालो. ती हसली का? हसली, म्हणालो.

मी तिला किती बघितलं? टोपी काढायला लागतो तेवढा वेळ. आणि हिवाळा केवढा लांब. खरं होतं ते दुसऱ्याच शनिवारी संपलं.

१३ जानेवारी

आज तो पुन्हा म्हणाला, "नाव आठवून बघ रे. बाईने हाक मारली असेल."

मला सहन होईना. म्हणालो, "आठवलं. लीना. तुझ्या आईचं ठेवलंय."

तो काचेपलीकडे बघत होता, तो वळला. माझ्या तोंडाकडे नाही, खांद्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "आईचं नाव मी तिला कधी सांगितलंच नव्हतं, लोथार."

शिट्टी झाली. मी तसाच उभा. पंच म्हणाले, "सोडा त्याला," आणि मी त्याला धरलेलंही नव्हतं.

आठवडाभर आता झोप नाही. एवढं एक दार होतं, तेही मीच लावून घेतलं.

२० जानेवारी

आज तो येईल असं वाटलं नव्हतं. पहिलं सत्र गेलं, तो कोपऱ्याकडे फिरकलाही नाही. दुसऱ्यात पक घेऊन आला, उजवा खांदा पाडला आणि मधून घुसला, जुन्यासारखा. मी मधे होतो, जुन्यासारखा. दोघं धडपडत कठड्यावर गेलो. लोक उठून उभे राहिले.

त्याने पाठ टेकली. धाप लागली होती. हेल्मेटच्या कडेतून डावा कान बाहेर आला होता.

"काय रे," तो म्हणाला, "आपली लीना आता पळायला लागली असेल, नाही?"

"पळते तर," मी म्हटलं. "कोणाच्या हाती लागत नाही."